गाडी जुपा म्हनली बाई

सास्तूरच्या शिवारातल्या एका वस्तीवर फाल्गुनातल्या सोमवारी दुपारी पार्वती नावाची पहिलटकरीण अडली. तिला घेऊन निघालेली बैलगाडी मोठ्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती मरण पावली. मूल आधीच गेलं होतं. मी त्या वस्तीवर गेलो ते १९५९च्या वैशाखात. तोवर गावच्या नर्सबाईंना जागा सोडण्याचा हुकूम आलेला होता.

जाण्याचं कारण असं होतं. पुण्याची एक संस्था खेड्यांतल्या नर्सबाईंच्या कामाची पाहणी करत होती. मी तेव्हा सोलापुरात वार्ताहर होतो आणि संस्थेने मला काही महिन्यांसाठी घेतलं होतं. पद्धत परदेशातून आलेली होती, आम्ही तिला ‘निर्णायक प्रसंग’ म्हणत असू. ‘नर्सबाई कशा आहेत?’ असं विचारायचं नाही. त्याला ‘चांगल्या आहेत’ किंवा ‘चांगल्या नाहीत’ असं उत्तर येतं आणि दोन्ही निरुपयोगी. विचारायचं ते असं: त्यांच्या करण्यामुळे फरक पडला, बरा किंवा वाईट, असा एक प्रसंग सांगा. आधी काय झालं? त्यांनी नेमकं काय केलं? पुढे काय झालं? तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत? सांगणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. लिहून झालं की त्याला वाचून दाखवायचं. मग तो प्रसंग दोनपैकी एका गठ्ठ्यात जातो: कामी आलेलं वागणं, आणि घात करणारं वागणं.

पार्वतीचा प्रसंग माझ्या आधीच्या पाहणीदाराने तिच्या सासूकडून लिहून घेतला होता. तो दुसऱ्या गठ्ठ्यात होता. नावं लिहायची नाहीत या नियमाप्रमाणे कोणाचं नाव त्यात नव्हतं, फक्त गाव होतं. त्या गावात नर्स एकच. मसुदा माहितीसाठी वरच्या कार्यालयात गेला आणि तिथून हुकूम निघाला. वाचून दाखवल्याची खूण त्या कागदावर नव्हती, हे संस्थेच्या उशिरा लक्षात आलं. प्रसंग पुन्हा लिहून आणण्यासाठी मला पाठवलं.

जळकोट, सोमवार

सोलापूरची सकाळची एसटी नळदुर्गावरून आली, मला जळकोटला उतरवलं आणि हैदराबादच्या रस्त्याने पुढे गेली. लोहाऱ्याकडे जाणारी मोटार बंद पडलेली होती. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला बैलगाडीचं विचारलं.

“मिळंल की. उंद्या.”

“आज?”

“आज सोमवार.”

“मग?”

“मग काय? सोमवारी बैल जुपत न्हाईत आमच्यात. बसवण्णाचा वार हाय. तुमी सोलापूरचे न्हवं? तिकडं सातीबी दिवस राबवत्यात बैलाला. म्हून वाळल्यात तिकडचे बैल.”

“तिकडे बैल कुठे आहेत? गिरण्या आहेत.”

“मग मानसं वाळली आसतील,” तो म्हणाला आणि कपबशी पुढे सरकवली.

चहा पीत बसलेला एक दाढीवाला गाडीवान हसला. त्याचं नाव हुसेनभाई. “चला सायेब,” तो म्हणाला. “आपले बैल मुसलमान हायत. त्यान्ला जुम्म्याला सुट्टी.”

“हुसेन, तुजा पांढरा माज्याकडनंच नेलास,” हॉटेलवाला म्हणाला. “त्यो लिंगायत हाय.”

“म्हून तर सोमवारी जरा हळू चालतो.”

पांढरा बैल खरोखर हळू चालत होता. दोन्हीकडे काळी जमीन भेगाळलेली, ज्वारीची धसकटं उभी, मधून एखादी बाभळ. सोलापुरात अजून या भागाला मोगलाई म्हणतात. निजामाचं राज्य जाऊन अकरा वर्षं होत आली, तरी इथल्या बोलण्यात ते राहिलेलं आहे: वकिलाला वकीलसाब, अर्जाला दरखास्त. एका विहिरीवर हुसेनभाईने धपाटे सोडले. शेंगदाण्याची चटणी इतकी तिखट होती की मी दोनदा पाण्याकडे गेलो. “पानी पिऊ नगा, गूळ खावा,” तो म्हणाला. गुळाने बरं वाटलं.

मी कुठे चाललो हे कळल्यावर त्याने बैलांची शेपटी सोडून माझ्याकडे पाहिलं.

“सास्तूरच्या नर्सबाईचं काम हाय व्हय? तिनं त्या पोरीला दवाखान्यात जाऊ दिलं न्हाय म्हणं. नवरा म्हनतो म्हणं, ही बाई गावातनं गेली न्हाय तर खोलीसकट पेटवून देतो.”

“तुम्ही ऐकलंत त्याला बोलताना?”

“बाजारात ऐकलं. म्हूनच तर ‘म्हणं’ म्हनलं.”

पाहणीच्या कामाला इथली माणसं सोयीची वाटली. ऐकीव गोष्टीला ती स्वतःच शिक्का मारून देतात.

लोहारा, मंगळवार

लोहाऱ्याचे डॉक्टर तरुण होते, वऱ्हाडातून आलेले. भाकरीला अजून सरावलेले नव्हते आणि पोळी मिळत नाही अशी त्यांची तक्रार होती. हुकूम त्यांनी टेबलावर ठेवला. ‘प्रसूतीच्या गंभीर वेळी रुग्णास दवाखान्यात पाठविण्यास नकार दिला.’ शनिवारी सकाळी उपकेंद्राची किल्ली डॉक्टरांकडे देऊन निघायचं होतं.

“त्यांच्या जागी कोण येणार?”

“कोणी नाही. जागा रिकामी राहील.”

“तुम्ही त्यांना काही विचारलंत?”

“कागद वरून आला. मी पोचवणारा,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि खरं सांगू का, त्या गेल्या तर मला झोप लागेल. परवा त्यांच्या खिडकीवर दगड पडले. एकट्या राहतात. गावात शेवटचं बाळंतपण त्यांनी केलं ते फाल्गुनात. तेव्हापासून एकही बाई त्यांच्याकडे आलेली नाही.”

“म्हणजे बाळंतपणं होत नाहीत?”

“होतात. मला नंतर कळतं.”

सास्तूर, बुधवार

उपकेंद्र म्हणजे चावडीजवळची एक पत्र्याची खोली. अर्धी दवाखाना, पडद्यामागची अर्धी सुशीलाबाईंचं घर. खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. सुशीलाबाई नगरकडच्या, चाळिशीच्या, धुवट पांढऱ्या पातळातल्या. ट्रंक बांधून झाली होती, पण कात्री, दोरा, बोरिकची बरणी अजून फळीवर होती.

“ते शेवटी भरीन,” त्या म्हणाल्या. “शनिवारपर्यंत कोणाला लागलं तर?”

मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली नाही. उभ्यानेच बोलू लागल्या.

“आधी एकजण आले होते. वस्तीवर गेले, लिहून घेतलं, गेले. माझ्या दारावरून गेले. मला काही विचारलं नाही.”

“आता विचारतो. त्या दिवशी काय झालं?”

त्यांनी सांगितलं ते असं. सोमवारी दुपारी सालगडी बोलवायला आला. त्या चालत गेल्या. पाहिलं तर मुलाचा हात बाहेर आलेला होता. हे खेड्यात होण्यासारखं नव्हतं. त्या बाहेर दारात आल्या आणि गाडी जुंपायला सांगितलं. सासूबाईंनी नकार दिला. त्या धावत गावात आल्या, तीन घरी गाडी मागितली, चौथ्या घरी मिळाली. गाडी वस्तीवर पोचली तेव्हा पार्वतीची शुद्ध गेली होती. तिला घातलं, निघाले. ओढा ओलांडल्यावर त्यांनी स्वतःच गाडी थांबवायला सांगितलं.

“सासूबाई काय म्हणाल्या, ते शब्द आठवतात?”

“त्या कानडीत बोलल्या. मला कानडी कळत नाही. पण नाही म्हणणारं माणूस कळतं.”

“तिचा नवरा कुठे होता?”

“शिवलिंग? हरभरा घेऊन लातूरच्या अडतीला गेला होता, ट्रकमधून. दुसऱ्या दिवशी आला तो मातीलाच. त्याला घरी काय सांगितलं मला माहीत नाही. महिन्याभराने ऑफिसच्या शिपायाने चावडीवर बातमी आणली, की कागदात असं असं लिहिलंय. तेव्हापासून तो माझ्या दारासमोर येऊन उभा राहतो. बोलत नाही.”

मी त्यांना सांगितलं की त्यांचा जबाब मी लिहीन, पण तेवढ्याने आधीचा कागद बदलणार नाही. ज्याच्या वागण्याचा प्रसंग आहे त्याचंच सांगणं या पद्धतीत पुरेसं धरत नाहीत. पाहणाऱ्याचं लागतं.

“म्हणजे तिचं खरं आणि माझं खोटं?”

“तसं नाही.”

“तसंच आहे,” त्या म्हणाल्या. “त्या सासूबाईंची लेक काशी बाळंतपणाला आलीय माहेरी. पहिलंच. दिवस भरत आलेत. पायावर सूज आहे तिच्या. आडावर पाहिली मी लांबून. माझ्याकडे बघून तिने पदर ओढला. तुमच्या कागदात तेही लिहा.”

आधीच्या पाहणीदाराच्या कागदाची नक्कल माझ्याजवळ होती. वरच्या भागात त्याने सासूचं वाक्य बोलीतच, घाईघाईने, विरामचिन्हांशिवाय टिपलेलं होतं. खाली त्याचा स्वच्छ मसुदा. मसुद्यात होतं: ‘आम्ही गाडी जुंपा म्हणालो. नर्सबाई म्हणाल्या, मी पाठवत नाही.’ मी आतापर्यंत दोन्ही वाचले होते आणि दोन्ही जुळतात असं समजून होतो. सुशीलाबाईंचं ऐकल्यावर चावडीच्या पायरीवर बसून वरचं वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने.

‘गाडी जुपा म्हनली बाई म्या न्हाय पाठवत म्हनलं.’

‘गाडी जुपा’ हे घरच्यांचं बोलणं धरून तिथे थांबलं आणि पुढचं एका दमात वाचलं, तर म्हणणारी बाई आणि न पाठवणारीही बाईच. पण ‘गाडी जुपा म्हनली बाई’ असं वाचून तिथे थांबलं, तर गाडी मागणारी नर्सबाई, आणि ‘म्या न्हाय पाठवत’ हे सांगणारीचं स्वतःचं बोलणं. शेवटचं ‘म्हनलं’ दोघींपैकी कोणालाही लागू पडत होतं. वर्तमानपत्रात अशा ठिकाणी अवतरणचिन्ह कुठे पडतं यावर खटले उभे राहतात. इथे एक जागा रिकामी होत होती.

दोन्ही वाचनं मराठीत बरोबर होती. कोणतं खरं, हे कागद सांगू शकत नव्हता.

वस्ती, गुरुवार

वस्ती गावापासून कोसभर, ओढ्यापलीकडे. बांधाच्या कडेला मातीचा एक नवा उंचवटा होता, त्यावर दगड मांडलेले. या लिंगायत घरांत मृताला पुरतात. तो पार्वतीचा असावा. मी विचारलं नाही.

शिवलिंग अंगणात अंबाडीचा दोर वळत होता. पंचवीस-सव्वीसचा, उंच, दाढी वाढलेली. पाहणीच्या नियमाप्रमाणे सांगणारा एकटा असावा लागतो. मी तसं म्हटलं.

“मागच्या येळी एकटीलाच इचारलं,” तो म्हणाला. “आता माज्या म्होरं इचारा. न्हायतर आल्या वाटंनं जावा.”

मी बसलो. सोलापुरात पाहुण्याला आधी चहा येतो, इथे गूळ आणि पाण्याचा तांब्या. तो घेऊन नागव्वा आल्या. पार्वतीची सासू. बारीक चणीच्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चौकोनी पेटी. दारात काशी उभी होती, एक हात उंबऱ्यावरच्या चौकटीला. तिच्या पायांवरची सूज मलाही दिसली.

“आत जा गं,” नागव्वा म्हणाल्या. “असलं आयकू ने तुज्या टायमाला.”

काशी आत गेली नाही.

मी विचारलं, “नागव्वा, त्या दिवशी नर्सबाई आल्यावर काय झालं, ते सुरुवातीपासून सांगाल का?”

“सांगितलं की. तुमच्या मानसानं लिवून नेलं.”

“मला सांगा.”

त्यांनी सांगितलं. सकाळपासून पोट दुखत होतं. गावची सुईण येऊन गेली. दुपारी सालगड्याला पाठवलं. बाई आली, आत गेली, बाहेर आली. इथवर त्यांचा आवाज सरळ होता.

“अन् मग?”

“मग गाडी जुपा म्हनली बाई म्या न्हाय पाठवत म्हनलं.”

एका दमात, कुठेही न थांबता. आधीच्या माणसाने चुकीचं टिपलं नव्हतं. त्यांनी ते असंच म्हटलं होतं.

शिवलिंग म्हणाला, “आयकलं न्हवं? लिवा.”

मी लिहिलं नाही. ‘कोण म्हणालं?’ असं विचारता येत नव्हतं. तिथे मुलगा बसलेला होता, आणि विचारण्याच्या ढंगातच उत्तर दिल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, “कोण कुठे उभं होतं ते दाखवाल का?”

“बाई हितं. म्या हितं. गडी बैलापशी.”

“बैल घरीच होते?”

“घरीच की. सोमवार हुता.”

दोर वळणारा हात थांबला. बैल त्या दिवशी घरी होते हे शिवलिंगला माहीत असणारच. वारही माहीत असणार. दोन गोष्टी त्याने एकत्र ऐकल्या नसाव्यात. पण हा माझा तर्क होता, आणि तर्क लिहायचा नसतो.

“त्या क्षणी जे बोलणं झालं तेवढंच पुन्हा एकदा,” मी म्हणालो.

“कितींदा सांगू? गाडी जुपा म्हनली बाई म्या...” आणि पुन्हा तेच, तसंच.

तेव्हा मी विचारलं, “तुम्ही घरात कन्नडच बोलता ना? त्या दिवशीही कन्नडच बोलला असाल. मला थोडं कळतं. छापखान्यातले आमचे कंपोझिटर कन्नड बोलत. जसं बोलणं झालं तसंच सांगा.”

नागव्वांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. तांब्या उचलला, परत ठेवला. दारातून काशीने आईला हाक मारली, “अव्वा.” एवढंच.

मराठीत ‘म्हनलं’ कोणाचंही असू शकतं. कन्नडमध्ये तसं नसतं. तिथे क्रियापदालाच बोलणारा चिकटलेला असतो. ‘अंद्रु’ म्हणजे त्या म्हणाल्या. ‘अंदे’ म्हणजे मी म्हणाले. तिथे लपायला जागा नाही.

“बंडी कट्री अंद्रु बाई,” नागव्वा म्हणाल्या. गाडी जुंपा म्हणाल्या बाई. मग थांबल्या. या वेळी त्या थांबल्या. “ना कळसंगिल्ल अंदे.”

मी पाठवत नाही, मी म्हणाले.

शिवलिंग उठला. दोराचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं होतं, ते तसंच ओढलं गेलं. “यार अंद्रु?” तो म्हणाला. कोण म्हणालं?

“नाने अंदे.” मीच म्हणाले.

तो आईजवळ जाऊन उभा राहिला. पुढे दोघं कधी कन्नड, कधी मराठी बोलत राहिली. माझ्या असण्याची त्यांना आठवण नव्हती.

“का?”

“सोमवारी बैल जुपायचा न्हाय. तुज्या बापानं जलमात जुपला न्हाय. तुज्या आज्ज्यानं जुपला न्हाय. तू हुतास का हितं? असतास तर तू जुपला असतास?”

शिवलिंगने वाकून अंगठ्याचा दोर सोडवला.

“बोल की. जुपला असतास?”

“अन् बाई? बाईनं काय केलं?”

“बाई पळत गेली गावात. गाडी घिऊन आली. तवर...” त्यांनी हाताने बांधाकडे दाखवलं. हात तसाच हवेत राहिला.

“म्हैनाभर मी त्या बाईच्या दारात हुबा ऱ्हातोय,” शिवलिंग म्हणाला. “दगडं टाकली मी तिच्या खिडकीवर. तुला ठावं हुतं.”

“म्या काय केलं? म्या खरं सांगितलं हुतं. लिवणारानं उलटं लिवलं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुमच्या कागदात आलं, नर्सबाई न्हाय म्हनली. समद्या गावानं मानलं. सरकारनं मानलं. म्हातारीनं एकटीनं कशाला न्हाय म्हनावं?”

त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. त्यांनी एकही खोटा शब्द उच्चारलेला नव्हता.

मी प्रसंग लिहिला, अवतरणचिन्हांसह, आणि पद्धतीप्रमाणे त्यांना वाचून दाखवला. ‘गाडी जुंपा,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘मी पाठवत नाही,’ सासू म्हणाली. नर्सबाई धावत गावात गेल्या.

“व्हय,” नागव्वा म्हणाल्या.

शिवलिंग तिथे नव्हता. तो ओढ्याकडे निघून गेला होता. मी निघालो तेव्हा काशीने विचारलं, “त्यो कुटं गेला?” मला माहीत नव्हतं. गावात पोचेपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं आणि चावडीच्या कोपऱ्यावर आल्यावर आधी उपकेंद्राच्या पत्र्याकडे पाहिलं. पत्रा जागेवर होता, धूर कुठे नव्हता.

सुशीलाबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आनंद झाल्याचं चेहऱ्यावर दिसलं नाही.

“नागव्वांचं नाव लिहिणार तुम्ही?”

“नाही. नावं लिहायची नाहीत असा नियम आहे.”

“माझंही नव्हतं लिहिलं,” त्या म्हणाल्या.

सास्तूर, शुक्रवार

शुक्रवारी डॉक्टर फेरीवर येतात. नवा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“म्हणजे हा प्रसंग पहिल्या गठ्ठ्यात जाणार?”

“हो. कामी आलेल्या वागण्यात.”

“पण पार्वती तर वाचली नाही.”

“गठ्ठा वागण्याचा आहे. निकालाचा नाही.”

“हे वरच्या लोकांना कोण समजावणार?” ते म्हणाले. तरी त्यांनी वर कळवण्यासाठी चार ओळी लिहिल्या. हुकूम थांबवण्याचा अधिकार आपल्याला नाही, उत्तर यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि तोवर शनिवारी किल्ली घेणं भाग आहे, असं त्यांनी सांगितलं. सुशीलाबाई तिथेच उभ्या होत्या.

“किल्ली देते,” त्या म्हणाल्या. “पण उद्या सकाळपर्यंत दवाखाना माझा.”

दुपारी गावात फिरलो. बातमी अजून पसरली नव्हती, किंवा पसरली असूनही कोणी तोंडावर बोलत नव्हतं. एका घरी जेवायला बोलावलं. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, आणि वर तूप. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, “नर्सबाई जाणार म्हणं उंद्या?” मी हो म्हटलं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि आणखी हुग्गी वाढली. कोणत्या अर्थाने बरं, हे मी विचारलं नाही.

शिवलिंग आदल्या दुपारपासून घरी आला नव्हता, असं सालगड्याने चावडीवर सांगितलं. संध्याकाळी डॉक्टरांनी चौकीदाराला उपकेंद्राच्या दाराशी बसवलं आणि स्वतः चावडीत मुक्काम केला.

सास्तूर, शनिवार

सकाळी सुशीलाबाईंची ट्रंक दाराबाहेर होती. डॉक्टर चावडीच्या पायरीवर किल्लीची वाट पाहत बसले होते. फळीवरची कात्री, दोरा आणि बरणी अजून आतच होती. चौकीदाराने काही घडलं नसल्याचं सांगितलं.

ऊन चढण्याआधी ओढ्याच्या बाजूने शिवलिंग आला, जुंपलेली गाडी चावडीच्या कोपऱ्यावर सोडून. त्याच्या मागे चार पावलांवर काशी होती, हळू, थांबत थांबत. नागव्वा बरोबर नव्हत्या. चावडीवरची माणसं उठून उभी राहिली. चौकीदार दारासमोर सरकला. शिवलिंग उपकेंद्रापासून थोडा अलीकडे थांबला आणि बाजूला झाला. काशी त्याला ओलांडून पुढे गेली.

सुशीलाबाई दारात आल्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

“कधीपासून?”

“पहाटंपासनं,” काशी म्हणाली.

डॉक्टरांनी किल्ली मागितली नाही. वरून उत्तर आलं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या सकाळी सुशीलाबाईंनी काशीला दंडाला धरून आत घेतलं आणि दार आतून लावलं. शिवलिंगने बाहेरची ट्रंक उचलून भिंतीच्या सावलीत ठेवली आणि तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.